धुराची परीक्षा

कोकंद, १६ जानेवारी २०२२

चि. नसीबा हिस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं मजेत आहोत. तुझी आई मजेत आहे आणि तिची जीभ तिच्याहूनही मजेत आहे. अंगणातल्या जर्दाळूवर बर्फ साचलाय, नळ सकाळी गोठतो आणि गॅस मनात येईल तेव्हा येतो. म्हणजे सगळं नेहमीसारखंच आहे.

फोन असताना हा म्हातारा कागद का खरडतोय, असं तुला वाटेल. अगं, फोन वाजला की तो तुझ्या आईचा होतो. मी "कशी आहेस" म्हणेपर्यंत तुझा नाश्ता, तुझी झोप आणि तुझ्या पायातले मोजे यांची चौकशी उरकून ती फोन ठेवून मोकळी. म्हणून इल्होमच्या गाडीतून हे पत्र पाठवतोय. तो आठवड्यातून तीनदा ताश्कंदला सवाऱ्या नेतो, घाटात बर्फ असला तरी. सोबत तुझ्या आईच्या हातचे नान आहेत आणि बिहीचा मुरांबा आहे. नान मी स्वतः फडक्यात बांधलेत. मोडले असतील तर दोष इल्होमच्या गाडीचा.

परवाचा तुझा फोन मी आईच्या खांद्यावरून ऐकला बरं का. विषाणूचा नवा प्रकार आलाय, आधीच्यापेक्षा फार झपाट्याने पसरतो आणि बहुतेकांच्या नाकाच्या वाटेला जात नाही, तेव्हा बाबांनी ती धुराची परीक्षा ताबडतोब बंद करावी, असं तू म्हणालीस. आता तू प्रयोगशाळेत बसून त्या विषाणूची सात पिढ्यांची वंशावळ वाचतेस, तुझ्यापुढे मी काय बोलणार. पण माझी बाजूही ऐकून घे.

गेल्या उन्हाळ्यात तूच सांगितलं होतंस की या आजारात माणसाला वास येईनासा होतो. मी तेवढं पकडून ठेवलं. सप्टेंबरात लग्नं सुरू झाली तसा मी पुलावाची कढई चढवून झाली की दारात इसिरिकच्या वाळक्या पाल्याची जुडी पेटवून उभा राहायला लागलो. नाहीतरी नजर लागू नये म्हणून आपल्याकडे दारात तो धूर करतातच. मी फक्त एक प्रश्न जोडला, "काय, येतोय का वास?" जो लगेच नाक मुरडेल तो आत, जो विचारात पडेल तो घरी. ऑक्टोबरात मी चक्क औषधवाल्याला दारातून परत पाठवला. तो चिडून लालबुंद झाला आणि दुसऱ्या दिवशी तापाने फणफणला. त्या दिवसापासून माझा भाव असा वधारला की विचारू नकोस. पलीकडच्या तीन मोहल्ल्यांत आता दारात धूर असतो आणि लोक म्हणतात, "पुलावाच्या उस्ताच्या लेकीचं विज्ञान आहे हे."

गुरुवारी साबिरभाईंच्या मुलाच्या लग्नाचा सकाळचा पुलाव आहे. सगळे पुरुष येणार, अख्खा मोहल्ला. तुझा निरोप मी त्यांच्या कानावर घातला. म्हणालो, "लेक म्हणते, धुराचा आता उपयोग नाही."

"उस्ता, परीक्षा लेकीनेच काढली आणि लेकच आता नाही म्हणते?"

"आजार बदललाय म्हणते."

"आजार बदलला असेल ताश्कंदात. कोकंदात काही बदलायचं तर आधी मोहल्ल्याला विचारावं लागतं. तुम्ही दारात उभे राहा, कढई एर्गाश बघेल."

आता मोहल्ला ज्यांच्या शब्दावर चालतो, त्या साबिरभाईंपुढे कोण बोलणार?

एर्गाशची कळी मात्र खुलली आहे. इतकी वर्षं तो कढईवर माझा जोडीदार, पण झारा माझ्या हातात आणि लाकडं त्याच्या हातात. पूर्वी कुणी कढईत डोकावलं तर मी झारा उगारायचो. हल्ली मीच त्याला हाक मारतो, "ये रे, कांदा झाला का बघ. नीट वास घेऊन सांग." लोक म्हणतात, उस्ता म्हातारपणी नम्र झाला. तुझी आई यावर काही म्हणत नाही, नुसती बघते.

तू जुलैपासून आली नाहीस. कामाचा व्याप आहे, समजतं मला. पण तुझ्या आईला वाटतं की नवरोजच्या सणाला तरी तू यावंस. माझं काय, मी कढईतला माणूस, मला दिवस कसा जातो कळत नाही. आणि जुलैतलं ते सगळं डोक्यातून काढून टाक. ऑक्सिजन लागला होता, उतरला, संपलं. मी ठणठणीत आहे.

तुझा,
नम्र झालेला बाप
कोदिरअली


कोकंद, ६ फेब्रुवारी

चि. नसीबा हिस,
अनेक आशीर्वाद, आणि या वेळी थोडी शरमसुद्धा.

तू फोनवर एकदाही "मी सांगितलं होतं" म्हणाली नाहीस. म्हणाली असतीस तर बरं झालं असतं. मला उलट बोलता आलं असतं.

त्या गुरुवारी पहाटे मी साबिरभाईंच्या दारात नवा लांब चपान घालून, जुडी पेटवून उभा होतो. एकेक जण येतोय, धुरात नाक खुपसतोय, खोकतोय, डोळे पुसतोय आणि आत जातोय. नवऱ्या मुलाच्या मामाला विचारलं, "कसला वास येतोय?" तर म्हणाला, "साबिरच्या कंजूषपणाचा. जुडी जरा जाड घ्या." सगळे हसले. एक म्हातारबाबा म्हणाले, "उस्ता, आधी तुम्ही घ्या वास." मी जुडी नाकाशी धरली, तोंड वाकडं केलं आणि म्हणालो, "बापरे, काय उग्र आहे." ते खूश होऊन आत गेले.

एकालाही परत पाठवावं लागलं नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. भर जानेवारीत, एवढ्या माणसांत, सगळ्यांची नाकं शाबूत? पण मला वाटलं, आपला मोहल्लाच धडधाकट.

तिसऱ्या दिवशी पहिला खोकला साबिरभाईंच्या भिंतीपलीकडून ऐकू आला. मग समोरून. मग आमच्याच घरातून. आठवडा झाला नाही तर गल्लीत कोंबड्याच्या आधी खोकले आरवायला लागले. आणि गंमत अशी की सगळ्यांची नाकं अगदी ठीक. ताप आहे, घसा बसलाय, अंग मोडलंय आणि तरी भिंतीवरून विचारतात, "आज तुमच्याकडे कोबी शिजतोय का?"

बहुतेकांना तीन-चार दिवसांत बरं वाटलं. तू म्हणाली होतीस की लस घेतलेल्यांना हा प्रकार सहसा हलका जातो, ते खरं ठरलं. तुझ्या आईला एक दिवस कणकण आली, तेवढ्यात तिने मला अंथरुणातून सतरा कामं सांगितली. मलाही झाला. नुसतं सर्दीपडसं.

पण तू आणखी एक गोष्ट सांगितली होतीस, ती मी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिली होती. एकेकट्याला हलका असला तरी सगळ्यांना एकदम झाला की गाव बसतं. ते मी डोळ्यांनी पाहिलं. नानवाला आजारी, त्याचे दोन्ही मुलगे आजारी, तंदूर थंड. आख्ख्या मोहल्ल्यात चार दिवस ताजा नान नाही. शाळेत तीन शिक्षिका आणि सगळ्या वर्गांची मुलं एकाच दालनात. दवाखान्याची रांग पार रस्त्यावर आणि आत परिचारिका एकच, तीसुद्धा खोकत होती. कुणाचं बाळंतपण, कुणाचा रक्तदाब, सगळ्यांनी थांबायचं.

आणि एर्गाश. त्याला मधुमेह आहे हे तुला माहीत आहे. लस "पुढच्या आठवड्यात" घेतो म्हणत त्याने वर्ष काढलं होतं. त्याला इस्पितळात न्यावं लागलं. खाट मिळायला दुपार झाली, कारण सगळ्या मोहल्ल्यांची माणसं तिथेच. दोन दिवस त्याला श्वासाला नळी होती. ते दोन दिवस मी इस्पितळाच्या फाटकाबाहेर बाकावर बसून काढले. जुलैत तू माझ्यासाठी अशीच बसली असशील, हे तेव्हा डोक्यात आलं.

आता तो बरा आहे. काल खिडकीतून ओरडून विचारत होता, "माझ्यावाचून कुणाचा पुलाव केलास?" कुणाचाच नाही, म्हणालो. तीन घरची बोलावणी आली होती. दंड दुखतोय असं सांगून परतवली.

शुक्रवारी चहाखान्यात सगळे होते, अंतर ठेवून, मास्क लावून, तुझ्या आईने शिवलेले. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "माझ्या लेकीने वेळेवर सांगितलं होतं. मी ऐकलं नाही आणि तुम्हाला नीट सांगितलंही नाही. चूक लेकीच्या विज्ञानाची नाही, माझ्या कानाची आहे." मग साबिरभाई म्हणाले, "निरोप माझ्या दारापर्यंत आला होता. आत मी घेतला नाही. बसा, उस्ता, चहा गार होतोय." आणि तो मामा म्हणाला, "धूर चालू राहू द्या, डास तरी पळतील." आता असं ठरलंय की लग्नकार्याच्या आधी काय करायचं ते तुला विचारायचं. तेव्हा तुझा फोन आणखी वाजेल. भोग आता.

फोनवर तू मला विचारलंस की या वेळी वास गेला का. मी म्हणालो, या वेळी काही गेलं नाही. ते अगदी खरं आहे.

तुझ्या आईने पुन्हा नान दिलेत, इल्होमने परत आणलेलं तेच फडकं पुरलं. नवरोजबद्दल तू काही बोलली नाहीस. ती विचारत होती.

तुझा,
कान टोचलेला बाप
कोदिरअली


कोकंद, ९ मार्च

चि. नसीबा हिस,
अनेक आशीर्वाद.

काल महिलादिनाची तुझ्या आईला फुलं आणली. "कितीला पडली?" हा तिचा पहिला शब्द आणि "पाणी घाला त्यांना" हा दुसरा. तिसरा शब्द नव्हता, पण फुलं तिने चुलीजवळच्या खिडकीत ठेवली आहेत, जिथे ती दिवसभर असते.

इल्होमने तुझी चिठ्ठी दिली. एवढ्या लांबलचक दोन पत्रांना तुझं एका ओळीचं उत्तर: "बाबा, दोन्ही वेळच्या नानांना कसला वास येत होता?"

मी चार वेळा वाचली. मग इल्होमलाच विचारलं, "नानांना कसला वास होता रे?"

"डिझेलचा, उस्ता."

"मग मला बोलला का नाहीस?"

"मला वाटलं ताश्कंदला काहीतरी नवीन खूळ निघालं असेल. घाटातून जाताना चारही काचा खाली घेतल्या मी. बर्फ आत येत होता, सवाऱ्या शिव्या देत होत्या."

घरी येऊन त्याने परत आणून दिलेलं फडकं शोधलं. जनरेटर पुसायचं फडकं होतं ते. स्वच्छ दिसत होतं म्हणून मी उचललं. मी ते नाकाला लावून पाहिलं, नसीबा. काही नाही. अजूनही काही नाही.

तर हे असं आहे. नाक जुलैतच गेलं, ते परतलं नाही. मी कुणाला सांगितलं नाही. साबिरभाईंच्या दारात जुडी घेऊन उभा राहिलेला परीक्षक स्वतःच नापास होता. आता तू हसलीस तरी चालेल. मलाही परवापासून अधूनमधून हसू येतंय.

कढईचं म्हणशील तर पहिले महिने फार हाल झाले. कांदा लाल झाला हे डोळ्याला कळतं, पण तळाला धरायला लागला हे नाकालाच आधी कळतं. म्हणून एर्गाशला हाक. ती नम्रता वगैरे सगळी तेवढीच. हळूहळू कान तयार झाला. चरबी तापली की तिचा आवाज बारीक होतो, पाणी आटलं की झारा वेगळा वाजतो, हे माझ्या बापाने मला लहानपणी सांगितलं होतं आणि तेव्हा मला वाटायचं म्हातारा उगाच नाकाने कांदे सोलतोय. आता मी कढईला कान लावतो. लोकांना वाटतं, उस्ता दुआ म्हणतोय.

तुझ्या चिठ्ठीनंतर सगळ्यात आधी तुझ्या आईला सांगितलं. दोन प्याले चहा घेऊन तिच्यासमोर बसलो, घसा खाकरला आणि म्हणालो, "तुला एक सांगायचंय. मला वास येत नाही."

ती म्हणाली, "अहो, सप्टेंबरात तुम्ही नासलेलं दूध पिऊन 'छान आहे' म्हणालात, तेव्हापासून मला माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही लपवत होता. म्हटलं, लपवू देत. निदान एक काम तरी मन लावून करताय."

नंतर तिने मला ते सांगितलं, जे तू तिला फोनवर सांगितलं होतंस आणि बाबांना सांगू नकोस म्हणाली होतीस. जुलैत तो आजार तूच घरी आणलास, असं तू धरून बसली आहेस. म्हणून येत नाहीस. व्याप वगैरे काही नाही.

एर्गाशलाही सांगितलं. तो घरी आलाय, वजन उतरलंय, जीभ नाही उतरली. आधी खूप हसला, मग चहाचा प्याला खाली ठेवला. म्हणाला, "मला वाटलं होतं, तू मला मानायला लागलास."

मी म्हणालो, "अरे, डोळे झाकून तुझ्या नाकावर सगळ्या गावाचं जेवण सोडत होतो, आणखी मानायचं म्हणजे काय करायचं?" त्यावर त्याने बराच विचार केला आणि पुढच्या लग्नात झारा अर्धा वेळ आपल्या हातात हवा असं जाहीर केलं. दिला.

आता तुझं आणि माझं. मी नाकाचं लपवलं ते तुझ्यासाठी. तुला वाटलं असतं, बापाचं नाक माझ्यामुळे गेलं, कढई माझ्यामुळे गेली, आणि तू कधीच आली नसतीस. आणि तू तरीही आली नाहीस. म्हणजे मी आठ महिने नासलं दूध पीत बसलो ते फुकटच.

ऐक. जुलैच्या त्या आठवड्यात मी चार लग्नांचा पुलाव केला. निम्म्या कोकंदने माझ्याशी हात मिळवले, उरलेल्या निम्म्याने गळाभेट घेतली. औषधवाला माझ्याच पातेल्यातून चव घेऊन गेला. तुझी प्रयोगशाळा विषाणूचा आजा-पणजा शोधून काढत असेल, पण तो कुणाच्या हातून माझ्या दारात आला हे तुला तिथे बसून कळणार आहे का? नाही ना? मग जे तुझ्या विज्ञानाला सांगता येत नाही, ते तू स्वतःला इतकं ठासून कशी सांगतेस? दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तू त्याला फैलावर घेतलं असतंस.

आणि समज, तूच आणलास. चल, धरू या. तरीही मला एक सांगायचं आहे, ते मी तुझ्या आईलासुद्धा सांगितलेलं नाही.

त्या दिवशी तू दारातून आत आलीस, पिशवी तिथेच टाकलीस आणि लहान असल्यासारखी माझ्या गळ्यात पडलीस. तुझ्या केसांना प्रवासाच्या धुळीचा वास होता आणि त्या हिरव्या सफरचंदाच्या साबणाचा. मग ताप आला, नाक गेलं. जन्मभर मी जिरं, चरबी, लसूण हुंगत आलो. रात्री डोळे मिटून ते वास आठवायला जातो, तर एकही येत नाही. तो एकच येतो. ज्या दिवसासाठी तू स्वतःला घराबाहेर ठेवलं आहेस, त्या दिवसातलं माझ्याजवळ एवढं उरलंय, आणि त्याच्या बदल्यात मला नाक परत देतो म्हणालं कुणी, तर मी घेणार नाही.

मला तुझी फार आठवण येते. आईला नाही, मला. मागच्या दोन्ही पत्रांत मी तिचं नाव पुढे केलं होतं.

नवरोजच्या आधी दोन दिवस इल्होम ताश्कंदहून परत निघतो. त्याच्या शेजारची जागा मी धरून ठेवायला सांगितली आहे. निघण्याआधी तुमची ती तपासणी करून घे. वाटेत मास्क लाव. अंगणात जर्दाळूखाली बसू, घराच्या सगळ्या खिडक्या उघड्या ठेवू, तू म्हणशील तेवढं लांब बसेन. जे नियम सांगशील ते पाळेन. पण उंबरा ओलांडून आत ये, नसीबा.

तुझ्यामुळे ज्याचं काहीही गेलेलं नाही,
तो तुझा बाप
कोदिरअली